सोलापूर मागं राहिलं

सिद्धेश्वरीला जाग आली ती इडलीवाल्याच्या आवाजानं. वरच्या बर्थवरून ती खाली उतरली, चपला शोधल्या आणि खिडकीबाहेर बघितलं, तर हत्तीएवढाले गोल दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे माळावर उभे होते. ऊन चांगलंच वर आलेलं. सोलापूरच्या आसपास असले दगड कुठंच नाहीत, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

समोरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं डबा उघडून बसलं होतं. सोलापूर अजून किती लांब आहे, असं तिनं त्यांना विचारलं. त्या बाईंनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग हिच्याकडं, आणि हळूच सांगितलं की सोलापूर रात्रीच मागं राहिलं; आता सिकंदराबाद येईल.

सिद्धेश्वरी मटकन बाकावर बसली. लेक उत्कर्षा हिला पुण्यात पहिली नोकरी लागली होती. तिची खोली लावून देऊन, गॅसपासून झाडूपर्यंत सगळं आणून देऊन सिद्धेश्वरी एकटी परत निघालेली. त्याआधीचा महिना लग्नसराईचा. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरात, शिलाई मशीनवर, ब्लाउज शिवता शिवता तिची पाठ मोडून आली होती. पुण्यात गाडीत बसल्यावर डोक्यावरून चादर ओढून घेतली, आणि किती दिवसांची झोप एकदम येऊन कोसळली कोण जाणे.

फोनवर नवऱ्याचे कॉलच कॉल येऊन पडले होते. तिनं लावला.

"कुटं हायस तू?" शिवपुत्रानं विचारलं. आवाज बसलेला.

"गाडीत."

"कुठल्या गाडीत? गाडी रात्रीच येऊन गेली की."

"व्हय. मी तिच्यातच हाय."

 मग तो सांगू लागला. शिवपुत्राचं सुताचं छोटं दुकान. गाडी यायच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन उभा राहणारा हा माणूस. काल रात्री बायको उतरली नाही, तेव्हा तो डब्यात चढला होता. सगळे बर्थ बघितले होते. पण सोलापुरी चादर तर निम्म्या डब्यानं पांघरलेली. त्यातली आपली बायको कुठली, हे त्याला कळलं नव्हतं. गाडी हलली तशी त्यानं उडी मारली होती. मग लेकीला उठवलं, लेकीनं पोलिसांत जायचं का विचारलं, आणि दोघांची रात्र तशीच गेली.

सिद्धेश्वरीला अपराध्यासारखं झालं. सिकंदराबादला उतरते आणि मिळेल त्या गाडीनं परत येते, असं सांगून तिनं फोन ठेवला.

समोरच्या बाईंनी तिला डब्यातली पुरी दिली. ते दोघं पुण्याच्या मुलाकडून विशाखापट्टणमला आपल्या घरी चालले होते. बाई म्हणाल्या, घर समुद्रासमोरच आहे. आधी रोज बघायचो, आता खिडकी उघडायलाही कंटाळा येतो, खाऱ्या हवेनं सगळं गंजतं. सिद्धेश्वरी पुरी हातात धरून ऐकत राहिली. तिचं माहेर अक्कलकोट, सासर भवानी पेठ. देवदर्शनाला कूडलसंगम झालं होतं, श्रीशैल झालं होतं. समुद्र तिनं टीव्हीत बघितला होता. आणि इथं ही बाई त्याला कंटाळली होती.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला, दंड भरावा लागेल म्हणाला, आणि पावती फाडायला पेन काढून विचारलं, "कहाँ तक?"

सिकंदराबाद म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि शेजारणीकडून शिकलेल्या तेलुगूत विचारलं, ही गाडी समुद्राला कुठं भेटते?

तपासनिसानं मान वर केली. त्याला तेलुगू येत होतं, पण असलं तेलुगू त्यानं ऐकलं नसावं. तो हसायला लागला. म्हणाला, विशाखापट्टणमला, संध्याकाळी.

"तिथवर द्या," सिद्धेश्वरी म्हणाली.

पावती हातात आल्यावर तिनं ती घडी करून ब्लाउजात ठेवली. भीती वाटत नाही, हे तिचं तिलाच कळलं आणि त्याचंच तिला नवल वाटलं. तिच्यापाशी एक पिशवी होती. तिच्यात दोन साड्या, टॉवेल, उत्कर्षानं 'इतकी कोण खाणार' म्हणून परत कोंबलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड. शिलाईचे स्वतःचे पैसे खात्यात होते. अजून काय लागतं, असा विचार करत ती खिडकीशी सरकून बसली.

शिवपुत्राला तिनं विजयवाडा मागं पडल्यावर फोन केला, म्हणजे त्याला काही करता येऊ नये. तो चिडला नाही.  आईला काय सांगू, एवढंच त्यानं विचारलं. पुण्यातच राहिली म्हणून सांगा, असं सिद्धेश्वरीनं सुचवलं. आयुष्यात नवऱ्याला खोटं बोलायला तिनं पहिल्यांदाच शिकवलं होतं.

ती रात्र तिनं विशाखापट्टणमच्या स्टेशनवरच्या बायकांच्या खोलीत काढली. त्या जोडप्यानं घरी चलायचा आग्रह केला होता, पण तिला कंटाळलेल्या खिडकीतून समुद्र बघायचा नव्हता. सकाळी आंघोळ केली, गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा केली, कपाळाला विभूती लावली, आणि स्टेशनबाहेर पहिल्या बसवाल्याला विचारून बसली.

तिला वाटलं होतं, समुद्र म्हणजे सोलापूरचा सिद्धेश्वर तलावच, फक्त पलीकडचा काठ नसलेला. बस वळली आणि रस्त्याच्या टोकाला निळी भिंत उभी राहिली. पाणी जमिनीपेक्षा उंच कसं, हे तिला कळेना. बाजूच्या माणसाला विचारावं असं वाटलं, पण तो मोबाइलमध्ये होता. ती उतरली, चपला हातात घेतल्या आणि वाळूतून खाली गेली. पहिल्या लाटेला ती मागं पळाली. दुसरीलाही पळाली. तिसरीला उभी राहिली. पायाखालची वाळू सरकली, तोल गेला आणि ती पाण्यात बसलीच. साडी छातीपर्यंत भिजली. जवळ फोटो काढणारी कॉलेजची पोरं हसली, तशी तीही हसली, आणि उठायच्या ऐवजी तशीच बसून राहिली. पुढची लाट येऊन अंगावरून गेली.

दुपारी शिवपुत्राचा फोन आला. "बगितलास नव्हं समुद्र? आता ये."

"ह्यो नुसता काठ हाय ओ," ती म्हणाली. "पुढं लई हाय."

तिनं एकच ठरवलं होतं. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि जाईल त्या बसनं वर वर जायचं. तशी ती भिमिलीला पोचली. जुनं गाव, किनाऱ्यावर होड्या, वर डोंगर. संध्याकाळ होत आली तेव्हा ती एका लॉजवर गेली. काउंटरवरच्या माणसानं मागं कोण आहे ते बघितलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यानं वही मिटली. एकट्या बाईला खोली देत नाही, असं सांगितलं. दुसऱ्या लॉजवरही तेच. पहिल्यांदाच तिचा धीर थोडा खचला. आपण केलं हे बरं केलं का, असं मनात आलं. परत मोठ्या शहरात जाणारी बस धरावी म्हणून ती स्टँडवर येऊन बाकावर बसली.

तिच्या शेजारी एक बाई येऊन टेकली. काळी, काटक, नाकात दोन्ही बाजूंनी चमक्या, पायाशी ॲल्युमिनियमचं रिकामं टोपलं. टोपल्याचा वास असा होता की सिद्धेश्वरीनं नकळत पदर नाकाला लावला. बाईनं ते बघितलं आणि टोपलं पायानं जरा पलीकडं सारलं. सिद्धेश्वरीला लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून तिनं विचारलं, शहराकडं जाणारी बस इथंच लागते का.

बाईनं तिला पुन्हा बोलायला लावलं. मग आणखी एकदा. मग मांडीवर थाप मारून ती हसली. तेलुगू आहे, पण हे कुठलं तेलुगू, असं ती विचारू लागली.

ते नरसव्वाचं तेलुगू होतं. सिद्धेश्वरीच्या घराला लागून नरसव्वाचं घर. नरसव्वाच्या सासऱ्यांच्या आधीची पिढी तेलंगणातून मागाच्या कामाला सोलापुरात आलेली. गेली वीस-बावीस वर्षं भिंतीच्या अलीकडून पलीकडून दोघींच्या गप्पा चालत, त्यातून सिद्धेश्वरीला ही भाषा आली होती. निम्मं तेलंगणातलं, निम्मं मराठी, आणि वर तिचं स्वतःचं कानडी. तिनं हे सगळं त्या बाईला सांगितलं. लॉजचंही सांगितलं.

त्या बाईचं नाव नूकम्मा. पुढच्याच कोळीवाड्यात राहायची. तिचा मुलगा गुजरातेत वेरावळला बोटीवर कामाला होता. वर्षातले बरेच महिने तिकडंच. नूकम्मानं विचारलं, "तुमचं गाव त्याच बाजूला ना?"

सिद्धेश्वरी हो म्हणाली. सोलापूर कुठं, वेरावळ कुठं. पण इथून बघितलं तर बाजू तीच.

"मग चल," नूकम्मा टोपलं उचलत म्हणाली. "माझ्या पोराला तिकडं कोणीतरी जेवायला घालतच असेल की."

घर दोन खोल्यांचं, निळा रंग दिलेलं. मुलाची खाट रिकामीच होती. सिद्धेश्वरीनं दारातच सांगून टाकलं की ती लिंगायत आहे, मासे खात नाही, अंडंही नाही. नूकम्मानं ते शांतपणे ऐकलं, नवं पातेलं घासून त्यात भात लावला आणि केळीच्या पानावर चिंचेचं लोणचं वाढलं. सिद्धेश्वरीनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली. नूकम्मानं भाकरी हातात घेऊन वाजवून बघितली, खापरासारखी. मग चटणी लावून एक तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि दुसऱ्या भाकरीला हात घातला. जेवता जेवता दोघी एकमेकींना शब्द विचारत राहिल्या आणि हसत राहिल्या.

सकाळी नूकम्मा किनाऱ्यावर निघाली, तशी सिद्धेश्वरीही मागोमाग गेली. होडीनं रात्रीच्या शेवटाला मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून ठेवलं होतं. कोकणात अशा जाळ्याला रापण म्हणतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणलेले, आणि दोन्ही दोरांना म्हातारे, तरणे, बायका, सगळे एकामागं एक लागलेले. सिद्धेश्वरी लांब वाळूत बसून बघत होती. एका दोराकडं माणसं कमी पडली. शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून हात हलवला. तिनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"लागू," तो ओरडला. "लागू, लागू!"

शब्द तिला कळला नाही. नरसव्वा ओढण्याला 'गुंजु' म्हणायची. पण सगळे काय करताहेत ते दिसतच होतं. तिनं पदर खोचला, गळ्यातलं लिंग ब्लाउजच्या आत सरकवलं आणि ओला दोर धरला.

दोर खरखरीत होता. पहिल्या हिसक्यालाच तळव्यांची आग झाली. टाचा वाळूत रोवायच्या, मागं झुकायचं, दोन पावलं मागं जायचं, पुन्हा पुढं येऊन धरायचं. पुढचा माणूस गाण्यासारखं काही म्हणायचा आणि सगळे मिळून त्याला उत्तर द्यायचे. तिला शब्द येत नव्हते, म्हणून ती नुसता सूर धरू लागली. दोराच्या दुसऱ्या टोकाला समुद्र होता आणि तोही ओढत होता. कधी तो जिंकायचा, तेव्हा सगळी रांग पुढं घसरायची. मग नूकम्मा शिवी हासडायची आणि रांग पुन्हा मागं यायची. सिद्धेश्वरीला घाम फुटला, अंबाडा सुटला, पाठीचं दुखणं कुठं गेलं ते कळलंच नाही. इतकी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट करताहेत आणि त्यात आपण आहोत, या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की ती दोर ओढता ओढता मोठ्यानं हसत सुटली. पुढच्या बाईनं वळून बघितलं आणि तिलाही हसू फुटलं.

जाळं वर आलं. वाळूवर चांदीचा ढीग सांडल्यासारखं झालं. त्यातले काही मासे अजून उडत होते. ते बघून सिद्धेश्वरीचं हसू थांबलं. ती बाजूला जाऊन समुद्राकडं तोंड करून उभी राहिली. आपण हे ओढून काढलं, असं तिच्या मनात आलं. 

ती वळली तेव्हा वाटे पडत होते. तोच म्हातारा प्रत्येकापुढं माशांचा वाटा ठेवत होता. तिच्यापुढंही त्यानं एक वाटा ठेवला. मी खात नाही, असं तिनं सांगितलं. त्यानं खांदे उडवले.

"ओढलंस ना?" तो म्हणाला. "मग तुझं."

आणि तो पुढं गेला. आता काय करावं, तिला कळेना. हे सोडून द्यावं तर ज्यांच्याबरोबर दोर ओढला त्यांचा अपमान. घ्यावं तर गळ्यात लिंग. तिनं नूकम्माकडं बघितलं.  नूकम्मा आपले मासे टोपल्यात भरत राहिली. शेवटी सिद्धेश्वरी खाली वाकली. ज्यांचा जीव गेला, ते वाळूत सडायला टाकायचे नाहीत, एवढं तिचं ठरलं. तिनं दोन्ही हातांनी मासे उचलले आणि नूकम्माच्या टोपल्यात, एका बाजूला, ठेवले. थंड होते. तिला वाटलं होतं तितके वाईट लागले नाहीत हाताला.

बाजारात नूकम्मानं तिला शेजारी बसवलं. आपला माल आपण विकायचा, तोंडानं ओरडल्याशिवाय इथं कोणी येत नाही, असं तिचं म्हणणं. सिद्धेश्वरीनं घसा साफ केला. "ताजा चेपलु," ती पुटपुटली. ताजे मासे. कोणी बघितलंही नाही. मग तिला आपल्या पेठेतले भाजीवाले आठवले, आणि तिनं पोटातून आवाज काढला. "ताजाऽ चेपलुऽ!"

येणारेजाणारे थबकले. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, नेसण वेगळं, बोली वेगळी. ही कुठली बाई? लोक तिला बोलतं करायला थांबायचे आणि थांबले की घ्यायचे. तिचा वाटा बघता बघता संपला. मग तिनं नूकम्माचाही माल ओरडून खपवला. विक्रीच्या पैशांत दोघींनी गरम पुनुगुलू खाल्ले, आपल्या भज्यांसारखे असतात ते, आणि कपभर चहा घेतला. नूकम्मानं मधेच दोर सोडून सिद्धेश्वरीच्याच फोनवर तिचा फोटो काढला होता, दोर ओढतानाचा. तो सिद्धेश्वरीनं लेकीला पाठवून दिला.

उत्कर्षानं तो फोटो स्टेटसला ठेवला. दुपारपर्यंत भवानी पेठेतल्या सगळ्यांनी बघितला होता.

शिवपुत्राचा फोन आला तेव्हा ती पुढच्या बसमध्ये बसली होती. आईला कळलं, तो म्हणाला. आईनं फोटो बघितला, चष्मा लावून परत बघितला, आणि तेव्हापासून ती काही बोलली नाही.  सिद्धेश्वरीची सासू, गंगम्मा, सोवळ्याओवळ्याला कडक. घरात कांदा चिरलेली सुरीही वेगळी ठेवायची. मी परत निघू का, असं सिद्धेश्वरीनं विचारलं.

 शिवपुत्र दुकानात बसून फोनवर नकाशा बघत असावा. "पुढं एक नदी हाय," तो म्हणाला. "वंशधारा नाव तिचं. कलिंगपट्टणमला समुद्राला मिळती. एवढ्या लांब गेलीस, तर ती बगून ये की."

मग तिनं ती नदी बघितली. त्याच्या सांगण्यावरून तिथलं दीपगृहही बघितलं. वाटेत चुकीची बस पकडून ती एका काजूच्या गावात पोचली आणि तिथं एका शिंपिणीकडं दुपार काढली. भाषा थोडी कळली, बाकीचं टाक्यांनी भागलं. श्रीकाकुळमच्या स्टेशनवरून तिनं परतीची गाडी धरली तेव्हा तिचा रंग रापला होता, तळव्यांना फोड आले होते, आणि ती डब्यात सगळ्यांशी बोलत होती.

सोलापूरला शिवपुत्र नेहमीसारखाच आधी येऊन उभा होता. यावेळी ती डब्याच्या दारातच होती. त्यानं पिशवी घेतली, तिच्याकडं नीट बघितलं आणि तोंड फिरवून स्कूटरकडं चालू लागला. त्याला हसू येत होतं, हे तिला मागूनही कळलं.

गंगम्मा त्या संध्याकाळी लवकरच झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरीनं आंघोळ केली, पूजा केली आणि बाहेर ओट्यावर येऊन सासूच्या शेजारी बसली. सासूला ती कानडी रीतीनं अत्ती म्हणायची. गंगम्मा शेंगा फोडत होती.

"मासे शिवलीस म्हणं," गंगम्मा शेवटी म्हणाली.

"व्हय, अत्ती."

"इकलीस बी म्हणं."

"व्हय."

चार-दोन शेंगा फुटल्या. गंगम्मानं तरुणपणी अक्कलकोटच्या बाजारात डोक्यावर पाटी नेऊन चटणी विकली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ती त्याबद्दल बोलत नसे.

"गिऱ्हाईक आलं का?"

"लई आलं."

"हाळी कशी घातलीस?"

सिद्धेश्वरीनं इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणून दाखवलं. गंगम्मानं मान हलवली. एवढ्या आवाजाला कुत्रंही येणार नाही, असं ती म्हणाली. मोठ्यानं घाल. सिद्धेश्वरी लाजली. गंगम्मानं हातातली शेंग खाली ठेवली आणि तिच्याकडं बघत वाट पाहत राहिली.

सिद्धेश्वरी उठून उभी राहिली, पदर खोचला आणि भवानी पेठेच्या त्या बोळात पोटातून ओरडली, "ताजाऽ चेपलुऽ!"

बोळातली दारं उघडली. एकीनं खिडकीतून विचारलं, कुठले आहेत. आणि शेजारच्या घरातून नरसव्वा, ओल्या हातानं पातेलं घेऊन, घाईघाईनं पायरी उतरून आली आणि मासेवाली कुठं दिसते का म्हणून बोळाच्या दोन्ही टोकांना बघू लागली. गंगम्माला इतकं हसू आलं की तिच्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या ओट्यावर सांडल्या.